तारापूरचं इंधन

कल्याण आणि ठाकुर्ली या स्थानकांच्या पट्ट्यात, चोळे गावाच्या हद्दीत, रेल्वेचं एक वीजकेंद्र होतं. जुने कल्याणकर त्याला चोळा पॉवर हाऊस म्हणत. जीआयपी रेल्वेनं १९२९ मध्ये कल्याण-पुणे मार्ग विजेवर नेला, तेव्हा बोरघाट चढणाऱ्या इंजिनांसाठी ते उभं राहिलं. पाणी उल्हास नदीचं, राबणारे हात आसपासच्या गावांचे. कोळसा मात्र शेकडो मैलांवरच्या खाणींतून वाघिणींमध्ये भरून यायचा. पश्चिम किनाऱ्याची ही जुनी अडचण. कोकणात पाऊस अमाप, कोळशाची खाण एकही नाही. टाटांनी खोपोली, भिवपुरी, भिरा इथे सह्याद्रीचं पाणी खाली सोडून मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली, पुढे कोयना आलं. पण स्वातंत्र्यानंतर ठाणे जिल्हा झपाट्यानं बदलत होता. शहाडची सेंच्युरी रेयॉन, मोहन्याची एनआरसी, अंबरनाथचे कारखाने, कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासितांनी वसवलेलं उल्हासनगर, मग डोंबिवलीची एमआयडीसी आणि ठाणे-बेलापूर पट्टा. या सगळ्यांना वीज हवी होती.

डॉ. होमी भाभा यांनी हीच अडचण देशाच्या नकाशावर मांडून दाखवली. खाणींपासून जिथे अंतर फार, तिथे कोळशाच्या विजेशी अणुवीज बरोबरी करू शकेल, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून देशातलं पहिलं अणुवीज केंद्र पश्चिम किनाऱ्यावर उभारायचं ठरलं आणि जागा निवडली गेली ती ठाणे जिल्ह्यातलीच. मुंबईच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवरचं, पालघर तालुक्यातलं तारापूर. थंडाव्याला समुद्राचं पाणी, पायाला काळा कातळ, आणि मुंबई-अहमदाबाद मार्गावरचं बोईसर स्थानक जवळ. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले होते, दोन्ही राज्यांना विजेची तहान होती, आणि हे केंद्र दोघांना वीज देणार होतं.

तारापूरला त्याआधीचा इतिहास नव्हता असं नाही. चिमाजीअप्पांच्या उत्तर कोकणच्या मोहिमेत जानेवारी १७३९ मध्ये इथला पोर्तुगीज किल्ला मराठ्यांनी घेतला आणि त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. वसईच्या विजयाच्या उजेडात तारापूरची लढाई झाकली गेली. विसाव्या शतकातही तसंच काहीसं झालं. भारत-अमेरिका संबंधांचा इतिहास दिल्ली आणि वॉशिंग्टनच्या दालनांतून सांगितला जातो. पण त्या संबंधांतला सर्वांत लांबलेला, सर्वांत चिकट वाद ज्या जागेवरून झाला, ती जागा कल्याणच्याच जिल्ह्यात होती. मासेमारी करणाऱ्या, वाड्या राखणाऱ्या किनाऱ्यावरचं हे नाव तीस वर्षं अमेरिकी काँग्रेस, व्हिएन्नातली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि पॅरिस यांच्या कागदपत्रांत वावरत होतं. ते तिथे कसं पोहोचलं, हे ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला तरी नीट ठाऊक असावं असं मला वाटतं.

भाभांची मूळ योजना वेगळी होती. आपल्याकडे युरेनियम थोडं, थोरियम भरपूर. तेव्हा आधी नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्ट्या, त्यातून निघणाऱ्या प्लुटोनियमवर दुसरा टप्पा आणि शेवटी थोरियमचा तिसरा टप्पा. या तिन्ही टप्प्यांत परक्या इंधनाची गरज राहू नये, हा त्याचा गाभा. तारापूरनं मात्र पहिल्याच पावलाला वाट बदलली. १९६० मध्ये जागतिक निविदा मागवल्या गेल्या आणि निवड झाली ती अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची. तिच्या भट्ट्या उकळत्या पाण्याच्या, आणि त्यांना लागणारं युरेनियम संपृक्त केलेलं. त्याची संपृक्तता तीन टक्क्यांच्या आतली, म्हणजे बॉम्बच्या जवळपासही न जाणारी. पण तेवढंही करण्याची सोय तेव्हा भारतात नव्हती. असं युरेनियम विकू शकणारे देश जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि भारताला ते देऊ करणारा देश एकच.

भाभांसारख्या माणसानं हे का स्वीकारलं? पैसा हे एक कारण. अमेरिकेच्या मदतसंस्थेनं आठ कोटी डॉलरचं कर्ज देऊ केलं, नाममात्र व्याजानं आणि चाळीस वर्षांच्या मुदतीनं. दुसरं कारण वेळ. चालतील अशी खात्री असलेल्या भट्ट्या लवकर उभ्या राहाव्यात, त्यातून अणुवीज ही खरी गोष्ट आहे हे देशाला दिसावं, आणि आपले अभियंते त्या हाताळून तयार व्हावेत. याच काळात टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी उघडपणे म्हणत होते की या देशानं अणूपेक्षा सूर्याकडे पाहावं. १९६२ मध्ये त्यांची त्या संस्थेतली नेमणूक पुढे चालू ठेवली गेली नाही. कोसंबींचं म्हणणं त्या वेळी व्यवहारात किती उतरलं असतं, हा वेगळा प्रश्न. पण इंधन कुणाच्या हातात राहणार, हा त्यांच्या बोलण्यातला मुद्दा पुढे तारापूरलाच सर्वांत जास्त लागू पडला.

ही बोलणी झाली तो काळही ध्यानात घ्यायला हवा. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीननं हल्ला केला. अलिप्ततेचा आग्रह धरणाऱ्या नेहरूंना केनेडींकडे शस्त्रांची मदत मागावी लागली. अमेरिकेचे राजदूत होते अर्थतज्ज्ञ जॉन केनेथ गालब्रेथ, भारताविषयी मनापासून आस्था असलेले. नवस्वतंत्र लोकशाही देश चीनच्या बरोबरीनं उभा राहिला पाहिजे, अशी त्यांची धडपड होती. बोकारोचा पोलाद कारखाना अमेरिकेनं उभारून द्यावा यासाठी त्यांनी आपलं वजन खर्च केलं. अमेरिकी काँग्रेसला सरकारी मालकीच्या कारखान्याला पैसे देणं मान्य नव्हतं. १९६३ मध्ये नेहरूंनी स्वतःच ती विनंती मागे घेतली आणि बोकारो पुढे रशियाच्या मदतीनं झालं. तारापूरही सरकारी मालकीचंच होतं. तरी त्याच १९६३ मध्ये, ८ ऑगस्टला, तारापूरच्या करारावर वॉशिंग्टनमध्ये सह्या झाल्या. पोलादाला अडलेली अमेरिका अणूला अडली नाही, याचं कारण उघड आहे. पोलाद कुणीही विकू शकत होतं. अणुभट्टीच्या बाबतीत इंधन विकणारा पुढची कित्येक वर्षं घरात पाय ठेवून राहतो. शिवाय अमेरिकी बनावटीच्या भट्ट्या जगभर खपवायच्या तर एखाद्या मोठ्या आशियाई देशात त्यांचा नमुना उभा राहणं जनरल इलेक्ट्रिकच्याही फायद्याचं होतं.

करारातली कलमं मुळातून समजून घेण्यासारखी आहेत, कारण पुढचं सगळं भांडण त्यांच्यावर झालं. मुदत तीस वर्षं. या काळात तारापूरला लागेल तेवढं संपृक्त युरेनियम अमेरिका विकेल. बदल्यात भारत तारापूरमध्ये अमेरिकेकडून आलेल्या युरेनियमखेरीज, किंवा त्यातूनच निघालेल्या प्लुटोनियमखेरीज, दुसरं कोणतंही इंधन घालणार नाही. वापरून झालेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढायचं झालं तर ते भारतातच करता येईल. मात्र त्यावर पुरेशी देखरेख ठेवता येईल असं दोन्ही देशांनी मिळून ठरवावं लागेल.

देखरेखीच्या मुद्द्यावर भाभा फार कडक होते. बॉम्ब असलेल्या देशांनी बॉम्ब नसलेल्यांच्या भट्ट्या तपासायच्या आणि स्वतःच्या झाकून ठेवायच्या, ही विषमता त्यांना मान्य नव्हती. तारापूरपुरती तडजोड निघाली ती अशी, की इंधन अमेरिकेचं असल्यामुळे त्या इंधनामागोमाग तपासणी येईल. भारताच्या बाकीच्या अणुकार्यक्रमाला तिचा संबंध नाही. पुढे १९७१ मध्ये ही तपासणी भारत, अमेरिका आणि व्हिएन्नातली संस्था यांच्या त्रिपक्षीय कराराखाली गेली.

बांधकाम ऑक्टोबर १९६४ मध्ये सुरू झालं. त्याच महिन्यात, १६ तारखेला, चीननं पहिला अणुस्फोट केला. जानेवारी १९६६ मध्ये भाभा माँ ब्लांवरच्या विमान अपघातात गेले. तारापूर पूर्ण झालेलं त्यांनी पाहिलं नाही. त्यांच्या मागे विक्रम साराभाईंनी ते काम पुढे नेलं. जनरल इलेक्ट्रिकच्या सोबतीला बेक्टेल कंपनी होती. सुरुवातीचं इंधन अमेरिकेतूनच तयार होऊन आलं. फेब्रुवारी १९६९ मध्ये दोन्ही भट्ट्या सुरू झाल्या आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीजनिर्मिती होऊ लागली. प्रत्येकी २१० मेगावॅट. ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अणूची वीज तयार होऊन तारांतून वाहू लागली. भारतासाठी आणि त्या अभियंत्यांसाठी ही अभिमानाची गोष्ट होती, आणि तो अभिमान खरा होता.

पण ज्या दशकात हे घडलं, त्याच दशकात रेशनच्या दुकानात अमेरिकेचा लाल गहू आणि मिलो मिळत होती. १९६५-६६ च्या दुष्काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी धान्याची मंजुरी महिन्यामहिन्यानं, हात आखडत दिली. भारतानं व्हिएतनामवर काय बोलावं आणि शेतीचं धोरण कसं ठेवावं, याचा त्या मंजुरीशी संबंध होता. त्या दिवसांच्या गोष्टी आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकायला मिळतात, आणि त्यांत मिलोच्या भाकरीच्या चवीपेक्षा रांगेचा अपमान जास्त असतो. देणारा एकच असला की त्याच्या मर्जीचं काय होतं, हे देश तेव्हाच शिकला होता. तरी तारापूरचा करार वेगळा आहे असं दिल्लीला वाटत होतं. गहू ही मदत होती. युरेनियम विकत घेतलेलं होतं, तेही तीस वर्षांच्या लेखी हमीवर.

१८ मे १९७४ ला पोखरणचा स्फोट झाला. त्यातलं प्लुटोनियम तारापूरचं नव्हतं. ते तुर्भ्याच्या सायरस भट्टीतलं होतं. ती भट्टी कॅनडानं दिलेली आणि तिच्यातलं जड पाणी अमेरिकेकडून आलेलं. तारापूरवर तपासनिसांची नजर पहिल्यापासून होती आणि तिथून एक ग्रॅमही हललेलं नव्हतं. शिक्षा मात्र तारापूरला झाली, कारण अमेरिकेच्या हातात असलेली दोरी तेवढीच होती. कॅनडानं अंग काढून घेतलं. अमेरिकेनं आधी लेखी आश्वासन मागितलं की तारापूरचा माल स्फोटासाठी वापरणार नाही. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होमी सेठना यांनी ते दिलं. खेपा पुन्हा सुरू झाल्या, पण प्रत्येक खेप आता अडू लागली. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या पर्यावरणवादी संघटनांनी तारापूरच्या निर्यात परवान्याला आव्हान दिलं आणि त्यांच्या अणु नियामक आयोगापुढे जाहीर सुनावणी झाली. ठाणे जिल्ह्यातल्या भट्टीला किती किलो युरेनियम द्यावं, यावर अमेरिकेतले वकील आणि शास्त्रज्ञ साक्षी देऊ लागले.

अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर जानेवारी १९७८ मध्ये दिल्लीला आले. पंतप्रधान होते मोरारजी देसाई. ते तारापूरहून त्याच रेल्वेमार्गावर थोडं पुढे लागणाऱ्या वलसाडकडचे, आणि जुन्या मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले. दोघे लोकशाहीवादी, दोघे धार्मिक वृत्तीचे, दोघांनाही बॉम्बचा तिटकारा. मोरारजींनी तर भारत पुन्हा स्फोट करणार नाही असं सांगूनही टाकलं होतं. त्यामुळे तारापूरचा पेच सुटेल अशी आशा होती. २ जानेवारीला संसदेपुढच्या भाषणात कार्टर यांनी तारापूरला इंधनाची खेप मंजूर केल्याचं सांगितलं. त्याच दिवशी ते आपले परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांच्याशी खासगीत बोलत होते आणि जवळचा ध्वनिक्षेपक चालू राहिला. मोरारजींवर आपल्या बोलण्याचा परिणाम झालेला दिसत नाही, परत गेल्यावर त्यांना थंड आणि अगदी रोखठोक पत्र लिहायला हवं, असं ते म्हणाले, आणि ते पत्रकारांपर्यंत पोहोचलं.

मोरारजींनी त्याचा बाऊ केला नाही. दुसऱ्या दिवशी दोघांनी दिल्ली जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पण मुद्द्यावर मोरारजी हलले नाहीत. भारताच्या सगळ्या अणुकेंद्रांची तपासणी मान्य करा, ही मागणी होती. बडे देश स्वतःची शस्त्रं कमी करत नाहीत तोवर हे होणार नाही, हे उत्तर होतं. बॉम्ब नको म्हणणाऱ्या गांधीवादी माणसानंही हेच उत्तर द्यावं, यातच त्याचं वजन आहे. वसाहतीतून सुटलेल्या देशाला समान वागणूक हवी होती, आणि त्या एका बाबतीत नेहरू, इंदिरा गांधी आणि मोरारजी यांच्यात फरक नव्हता.

१० मार्च १९७८ ला कार्टर यांनी अण्वस्त्रप्रसारबंदीचा नवा कायदा सही करून अमलात आणला. ज्या देशाची सर्व केंद्रं तपासणीखाली नाहीत त्याला इंधन द्यायचं नाही, असा त्याचा आशय. म्हणजे १९६३ मध्ये तीस वर्षांचं वचन देणाऱ्या देशानं पंधराव्या वर्षी स्वतःच्या घरात कायदा बदलला आणि तो जुन्या वचनाला लावला. अमेरिकेची बाजू पूर्ण खोटी होती असं मला म्हणायचं नाही. जड पाणी शांततेच्या कामासाठी दिलं आणि त्यातून स्फोट झाला, हा त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण तो राग तुर्भ्यावरचा होता. वचन तारापूरला दिलेलं होतं आणि तारापूरनं आपली बाजू तंतोतंत पाळली होती. या सगळ्या वादात भारताचं नैतिक बळ इथेच होतं.

एप्रिल १९७८ मध्ये नियामक आयोगाची मतं दोन विरुद्ध दोन अशी फुटली आणि ७.६ टनांची खेप कार्टर यांना स्वतःच्या अधिकारात सोडावी लागली. मे १९८० मध्ये आयोगानं ३८ टनांचा परवाना एकमतानं नाकारला. एव्हाना रशियाचं सैन्य अफगाणिस्तानात शिरलं होतं आणि इंदिरा गांधी पुन्हा पंतप्रधान झाल्या होत्या. भारताला दुखावून रशियाकडे आणखी ढकलू नये म्हणून कार्टर यांनी आयोगाला डावलून परवानगी दिली. त्यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या प्रतिनिधिगृहानं २९८ विरुद्ध ९८ मतांनी ती फेटाळली. सिनेटमध्ये माजी अंतराळवीर जॉन ग्लेन विरोधकांचे पुढारी. २४ सप्टेंबर १९८० ला तिथे ४८ विरुद्ध ४६ अशा फरकानं कार्टर वाचले. दोन मतांनी तारापूरला इंधन मिळालं. तेही अर्धंच. उरलेला साठा आलाच नाही.

तारापूरच्या आत या काळात काय चाललं होतं, ते या मतमोजणीइतकंच महत्त्वाचं आहे. हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये आता अमेरिकी युरेनियमपासून इंधनाच्या कांड्या भारतीय हातांनी बनत होत्या. साठा पुरवून वापरायचा म्हणून भट्ट्या कमी ताकदीवर चालवाव्या लागत. सुटे भाग मिळेनात. उकळत्या पाण्याच्या भट्टीत टर्बाइनकडे जाणारी वाफ थेट गाभ्यातून येते, त्यामुळे गळती झाली तर दुरुस्तीची जागाही किरणोत्सारी. एका माणसाला तिथे फार वेळ ठेवता येत नाही. काम अनेकांत वाटावं लागतं, म्हणजेच किरणोत्सारही अनेकांत वाटला जातो. दुय्यम बाष्पजनित्रं पुढे बाद करावी लागली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यात दोन्ही भट्ट्यांची क्षमता २१० वरून १६० मेगावॅटवर आणली गेली. परराष्ट्र व्यवहाराच्या पुस्तकांत खेपांचे आणि ठरावांचे आकडे मिळतात. त्या काळात पाना हातात घेऊन आत गेलेल्यांची नोंद तिथे मिळत नाही, आणि माझ्या मते या इतिहासातली सर्वांत मोठी उणीव तीच आहे.

दिल्लीच्या हातात मात्र एक पान होतं. वापरलेलं इंधन. ते तारापूरच्या पाण्याच्या टाक्यांत साठत चाललं होतं. त्यातून प्लुटोनियम काढण्याचा प्रकल्प भारतानं तारापूरलाच उभारला होता. देखरेख शक्य आहे असं दोघांनी मिळून ठरवायचं, हे कलम तिथे आडवं आलं. अमेरिका त्यावर सही करायला तयार नव्हती, आणि ते इंधन परत न्यायलाही तयार नव्हती. भारताचं म्हणणं सरळ होतं. तुम्ही करार मोडलात तर आम्हीही त्यातून मोकळे. मग या इंधनाचं काय करायचं ते आम्ही ठरवू, तपासणीही उरणार नाही. त्यामुळे अमेरिकेलाही करार सोडवेना. इंधन द्यायचं नाही आणि करार तर जिवंत हवा, अशा कोंडीत ती महासत्ता सापडली. लहान देश मोठ्याकडून काही घेतो तेव्हा घेणाराच बांधला जातो असं आपण मानतो. तारापूरनं दाखवलं की देणाराही तितकाच बांधला जातो. घेणाऱ्यानं कागदाचा प्रत्येक शब्द पाळला असेल तर थोडा जास्तच. भारतानं चिडून करार फाडला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या आणि हातातलं पान गेलं असतं. दिल्लीनं संयम ठेवला. त्या संयमाबद्दल मला आदर आहे.

तोडगा जुलै १९८२ च्या अखेरीस निघाला. इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या आणि रेगन यांच्याशी ठरलं की १९६३ चा करार कायम राहील, इंधन मात्र फ्रान्स देईल. अमेरिकेचा कायदा शाबूत राहिला आणि भारताची भट्टीही चालू राहिली. फ्रान्सनंही तपासणीच्या अटी घट्ट करायचा प्रयत्न केला. त्यावर महिनोन्महिने घासाघीस झाली आणि नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष मित्तराँ दिल्लीला आले तेव्हा ती मिटली. पुढच्या वर्षी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉर्ज शुल्ट्झ दिल्लीत आले तेव्हा सुट्या भागांचा प्रश्नही मोकळा करण्याचं आश्वासन मिळालं. पण तारापूरचे अभियंते तोवर बरंच काही स्वतः बनवायला शिकले होते. युरेनियम आणि प्लुटोनियम यांच्या मिश्र इंधनाचं काम भारतीय शास्त्रज्ञांनी याच अडवणुकीच्या काळात पुढे नेलं, आणि नव्वदच्या दशकात तसं इंधन तारापूरच्या भट्टीत वापरूनही पाहिलं.

करार अमलात आल्याला ऑक्टोबर १९९३ मध्ये तीस वर्षं भरली आणि तो संपला. त्याबरोबर तपासणीचं बंधनही सुटलं, असा युक्तिवाद भारताला करता आला असता. भारतानं १९९४ मध्ये व्हिएन्नातल्या संस्थेशी स्वतंत्र करार करून तारापूरवरची तपासणी आपणहून चालू ठेवली. याचा लगेच उपयोग झाला. तपासणीखालच्या भट्टीला इंधन द्यायला १९९५ मध्ये कोण पुढे आलं, तर चीन. ज्याच्या हल्ल्याच्या छायेत तारापूरचा करार झाला होता, तोच देश. त्यानंतर २००१ मध्ये रशियानं इंधन दिलं. अणुपुरवठादार देशांच्या गटानं, आणि त्यात अमेरिकेनंही, त्यावर नाराजी नोंदवली.

१८ जुलै २००५ ला मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांचं संयुक्त निवेदन वॉशिंग्टनमध्ये प्रसिद्ध झालं. भारताशी नागरी अणुसहकार्य पुन्हा सुरू करण्याचं त्यात ठरलं, आणि अख्ख्या भारतातल्या अणुकेंद्रांपैकी एकाचंच नाव त्या मजकुरात होतं. तारापूरच्या इंधनाचा विचार त्वरेनं केला जाईल, मित्रदेशांनीही तसा करावा म्हणून अमेरिका प्रोत्साहन देईल, असं त्यात म्हटलं होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी कायदा बदलून जे अडवलं, ते सोडवायचं वचन. कल्याण-डोंबिवलीत त्या बातमीकडे कुणाचं लक्ष असण्याचं कारण नव्हतं. भारनियमनानं माणसं आधीच बेजार होती, आणि आठ दिवसांनी, २६ जुलैला, उल्हास नदी शहरात शिरली. वस्त्या पाण्याखाली, वीज गेलेली. ज्या जिल्ह्याच्या नावावर अणुयुगातला एवढा मोठा व्यवहार झाला, त्याच जिल्ह्यात तेव्हा मेणबत्त्यांसाठी दुकानं शोधावी लागत होती.

सप्टेंबर २००८ मध्ये पुरवठादार देशांच्या गटानं भारताला सूट दिली आणि १० ऑक्टोबरला भारत-अमेरिका करारावर सह्या झाल्या. त्यानंतर तारापूरला इंधन आलं ते मात्र रशियाकडून, फेब्रुवारी २००९ च्या करारानं. करार एकाशी आणि पुरवठा दुसऱ्याकडून, ही १९८२ ची रीत तोवर भारताच्या अंगवळणी पडली होती. एकाच दारावर उभं राहायचं नाही हा धडा तारापूरनं दिला, आणि पुढच्या प्रत्येक अणुकरारात इंधनाच्या अखंड पुरवठ्याची हमी आणि साठा करण्याची मुभा यांवर भारतानं जो आग्रह धरला, तो इथूनच आला.

याच काळात तारापूरला तिसरी आणि चौथी भट्टी उभी राहिली. प्रत्येकी ५४० मेगावॅट, नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणाऱ्या, पूर्ण भारतीय आराखड्याच्या. भाभांच्या पहिल्या टप्प्यातली, १९६० मध्ये बाजूला ठेवलेली वाट तारापूरला २००५ आणि २००६ मध्ये पोहोचली. त्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं उठवली गेली. पुनर्वसनाचा दावा मुंबई उच्च न्यायालयात गेला. समुद्रावर आणि बागायतीवर जगणाऱ्या माणसांना किनारा सोडून नव्या वसाहतीत जावं लागलं. १९६३ च्या करारात, २००५ च्या निवेदनात तारापूर हे नाव आहे. पोफरण आणि अक्करपट्टी कुठेच नाहीत. या दोन गावांचं म्हणणं ऐकायला वॉशिंग्टनला जायची गरज नव्हती. जिल्हाधिकारी कार्यालय तेव्हा ठाण्यालाच होतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला, आणि अर्धवट राहिलेल्या पुनर्वसनाच्या तक्रारी त्याच्या वाट्याला गेल्या.